नजर मागे का वळली?

आधी एक कोडं. सुजय तिसरीचा धडा झरझर वाचतो, एक शब्द चुकत नाही. रेवा तोच धडा वाचताना थांबते, मागे जाते, तेच वाक्य पुन्हा म्हणते. दोघांत चांगलं कोण वाचतं? घाईने उत्तर देऊ नका. टिपण्याने घाई केली आणि तो तोंडघशी पडला.

टिपण्या हा उजनी धरणाच्या पाण्यावर तरंगणाऱ्या शाळेतला वाचन-रोबो. मुलं मोठ्याने वाचायची आणि तो त्यांचा वेग नि चुका मोजायचा. शुक्रवारी त्याने घोगरेबाईंना सांगितलं, "रेवाचा वेग पहिलीचा आहे. सोमवारपासून वाचनाच्या तासाला तिला पहिलीत बसवावे." पहिलीत रेवाचा धाकटा भाऊ होता. 'ताई माझ्या शेजारी बसणार' ही बातमी त्याने जेवणाच्या सुट्टीत अख्ख्या शाळेला सांगून टाकली.

रेवा रडतच घरी आली. ओसरीवर आईचे काका, केरबाआजोबा, जेवत होते. शहरातल्या एका प्रयोगशाळेत ते वाचणाऱ्या माणसांच्या डोळ्यांचा अभ्यास करत. गावी मात्र आपण फक्त चिलापी माशाच्या कालवणासाठी येतो, असं ते उघड सांगत.

"आजोबा, मी ढ आहे का ओ?" रेवाने विचारलं.

"कोण म्हणतं?"

"टिपण्या. मला सोमवारपासून पहिलीत बसायचंय. सगळी पोरं हसत्यात."

आजोबांनी ताट बाजूला सारलं. कालवण अर्धवट टाकून ते उठले, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा होती. आजोबा पिशवीतून दृक्‌वेध चष्मा (वाचताना नजर कुठे थांबते आणि कुठे जाते हे टिपणारा चष्मा) घेऊन हजर झाले. घोगरेबाईंची परवानगी घेऊन त्यांनी फळ्यावरच्या पडद्याला तो जोडला.

"आपल्याला वाटतं, नजर ओळीवरून सायकलसारखी सरळ पळते," आजोबा मुलांना म्हणाले. "तसं नसतं. ती बेडकासारखी उड्या मारते. उडी, मग क्षणभर थांबा, मग पुन्हा उडी. अक्षरं टिपली जातात ती थांब्यावर. आणि मधूनच ती उलटी उडी मारते. त्याला म्हणायचं प्रतिगमन (नजरेने मागच्या शब्दांकडे परत जाणं)."

"प्रतिगमन म्हणजे चूक," टिपण्या म्हणाला. "माझ्या नियमात तसं आहे."

"नियम कुणी घातला?"

"ठाऊक नाही. मी फक्त मोजतो."

"मग आता हे मोज," असं म्हणून आजोबांनी फळ्यावर स्वतः चार ओळी लिहिल्या. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उथळ पाण्यात राहतो. तो चिखल गाळून खातो. त्याचे पाय लांब असतात. म्हणून तो खोल विहिरीत घरटं बांधतो.

सुजयने चष्मा लावला आणि एका दमात वाचून टाकलं. "चुका शून्य," टिपण्याने जाहीर केलं.

मग रेवाने चष्मा लावला. प्रत्येक वाक्यानंतर ती मागे जात होती. शेवटच्या वाक्यावर तर ती तीनदा परतली आणि तिथेच थांबली. "वेग कमी," टिपण्या म्हणाला.

"का गं थांबलीस?" आजोबांनी विचारलं.

"विहिरीत कसं बांधेल घरटं?" रेवा हळूच म्हणाली. "आमच्या इथं तर सगळे रोहित उघड्यावर चरत्यात. आणि लांब पायांचा विहिरीशी काय संबंध?"

वर्ग हसला, पण या वेळी रेवाला नाही. सुजयने डोकं खाजवलं. "मला वाटलं, फळ्यावर लिहिलंय म्हणजे खरंच असणार."

"आणि टिपण्या, तुला काय कळलं?"

"कळणं मी मोजत नाही," तो म्हणाला.

आजोबांनी पडद्यावर रेवाच्या नजरेचे ठिपके दाखवले. 'विहिरीत' या शब्दापासून ते उलटे फिरून 'लांब' आणि 'उथळ' या शब्दांवर गेले होते. "बघा, ही पोर मागच्याशी मेळ लावतेय. याला म्हणतात आकलन (वाचलेल्याचा अर्थ लागणं). अर्थ अडला की चांगला वाचणारा मागे जातोच." मग ते रेवाकडे वळले. "पण रेवा, 'त्याचे पाय लांब असतात' यात काय अडलं? तिथूनही मागे गेलीस तू."

रेवाने मान खाली घालून सगळं सांगितलं. उन्हाळ्यात धरणातून पाणी सोडणार असल्याची सूचना तिने बाबांना वाचून दाखवली होती. ती फक्त पलीकडच्या काठासाठी आहे, ही शेवटची ओळ तिने वाचलीच नाही. जाळी वाहून जातील म्हणून बाबांनी भर दुपारी ती सगळी ओढून काढली आणि त्या दिवसाची मासळी हातची गेली. बाबा रागावले नाहीत. पण तेव्हापासून ती प्रत्येक वाक्य तपासून बघत होती.

"म्हणजे मागे जाण्याचे दोन प्रकार झाले," आजोबा म्हणाले. "एक हुशारीचा, एक भीतीचा. आता भीतीला पहिलीत बसवून ती जाणार आहे का, बाई?"

घोगरेबाईंनी मान हलवली. "गोष्ट विचारली की हिचा हात सगळ्यात आधी वर असतो, हे मला दिसत होतं. पण आकडा समोर आला की आपल्याच डोळ्यांवर आपला विश्वास राहत नाही. रेवा, तू तिसरीतच बसायचंस."

रेवाला एकदम भूकच लागली.

"मग मी वेग मोजायचा नाही?" टिपण्याने विचारलं. तो बापडा खरोखर गोंधळला होता.

"मोज की. पण पोरगं कुठे थांबलं, का थांबलं आणि त्याला काय कळलं, हेही विचार. तपासायचं ते कुठल्या बाकावर बसवायचं हे ठरवायला नाही, पुढे काय शिकवायचं हे ठरवायला. सुजयने वाचताना शंका घ्यायला शिकायचं. रेवाने बिनधास्त पुढे जायला."

"नोंद केली," टिपण्या म्हणाला. "बाईंनी वर्षभर करून पाहिलं आणि जमलं, तर मी बाकीच्या शाळांतल्या रोबोंनाही सांगेन."

बाईंनी रेवाला हरवलेली होडी शोधणाऱ्या एका मुलीची नवी गोष्ट दिली. "अडलं तरच मागे जायचं बरं का." पहिल्या वाक्याशी तिची नजर सवयीने मागे वळू लागली आणि अर्ध्या वाटेतच थांबली. मग ठिपके पुढे निघाले. पान संपलं तेव्हा बाईंनी चष्मा काढायला हात पुढे केला, तर रेवाने तो हातच धरला.

"थांबा ना बाई. त्या मुलीला तिची होडी सापडती का, तेवढं बघू द्या."