उडालेली टाच

सकाळचा पहिला चहा अजून संपायचा होता, आणि तिची टाच उडून गेली.

म्हणजे तिची स्वतःची नव्हे. कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती डिझाइनचं काम करायची. नवा पाय घडवण्याआधी तो कॉम्प्युटरवर बांधायचा, त्यावर बारीक चौकोनांची जाळी विणायची, वरून माणसाचं वजन टाकायचं आणि कुठे मोडतोय ते पाहायचं. आज वजन टाकताच टाच तळव्यापासून सुटली आणि पडद्याबाहेर निघून गेली. सॉफ्टवेअरने लाल अक्षरांत हात वर केले. चडफडत तिने सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतीचा नंबर फिरवला.

"माझी टाच उडाली," ती म्हणाली.

पलीकडून हसू दाबत एका तरुणाचा आवाज आला, "मॅडम, मग आधी डॉक्टरांना फोन करायला हवा होता..."

रागावायचं तिने नक्की ठरवलं होतं, पण हसू फुटलंच. शेजारच्या टेबलावर तयार पायांची तपासणी करणारे काका चष्म्यावरून बघायला लागले.

फोनवरच्या तरुणाने तिचा पडदा आपल्याकडे मागून घेतला. तिच्या पडद्यावर त्याचा छोटासा बाण उमटला, टाचेभोवती दोनदा गोल फिरला आणि मग अलगद एका जागी टेकला.

"हे बघा. दिसायला टाच तळव्याला चिकटलीये. पण मधे केसाहून बारीक फट आहे. वजन पडलं की तिला धरणारं कुणीच नाही, म्हणून ती निघाली."

"मग काय करू?"

"नावापुरती एक स्प्रिंग जोडा. अगदी अशक्त. दोघं टेकेपर्यंत ती टाचेला धरून ठेवेल. फक्त नंतर बघा, स्प्रिंगवर भार यायला नको. आला तर उत्तर खोटं."

"आणि एवढं करून नाहीच जमलं तर?"

"फोनवर सुटलं नाही तर आमच्याकडून माणूस येतो. म्हणजे मीच." बाण ऐटीत थांबला. "पण आजवर मला कुठे जावं लागलेलं नाही."

टाच जागेवर बसली. "तक्रार मिटवू का?" त्याने विचारलं. गिऱ्हाइकाने हो म्हटल्याशिवाय त्यांना तक्रार मिटवता येत नसे. ती "मिटवा" म्हणाली, फोन ठेवला, आणि लगेच तिला वाटलं की आपण फार घाई केली.

मग ती चुकांची वाट बघायला लागली. पण एरवी ऊठसूट रुसणारं ते सॉफ्टवेअर आता गुणी मुलासारखं वागत होतं. शेवटी तिने स्वतःच एक चूक केली. पायाला वरून धरून ठेवणारा आधार काढून टाकला आणि साळसूदपणे फोन लावला.

"अय्या, आधार द्यायचा राहिला वाटतं!" त्याने दाखवल्यावर ती म्हणाली.

"राहतो कधीकधी," तो गंभीरपणे म्हणाला.

असं होता होता तिच्या हातून फारच चुका व्हायला लागल्या. कधी मिलिमीटरच्या जागी मीटर पडायचे, तर कधी वजन खालून वर लागायचं. गणित चालू असताना दोघांना थांबावं लागे, आणि त्या थांबण्यात बोलणं होई. त्याच्या खिडकीशी एक पक्षी ओरडायचा. तो विचार करताना गुणगुणायचा, तेही बेसूर. तिला हे सगळं ठाऊक झालं होतं. ठाऊक नव्हता तो फक्त चेहरा. खासगी नंबर द्यायला-घ्यायला त्याच्या कंपनीत बंदी होती. रस्त्यात कुणी तसल्या आवाजात बोललं, की ती वळून बघायची आणि खट्टू व्हायची. सुट्टीचा दिवस तर तिला खायला उठायचा.

"भाजीत दोनदा मीठ पडलंय," आई म्हणाली. "लक्ष कुठे असतं गं तुझं?"

"कामात."

"त्या कामाला एकदा घरी घेऊन ये."

आणि मग एका दुपारी, तिने पुन्हा आधार काढून फोन लावला तेव्हा, तो लगेच हसला नाही.

"मॅडम... सोमवारपासून मी या फोनवर नसेन. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या गटात घेतलंय मला. बढतीच म्हणायची. तिथे गिऱ्हाइकांशी बोलणं नसतं."

"अभिनंदन," ती म्हणाली.

बाण टाचेभोवती एकदा फिरला, मग आणखी एकदा. "एक विचारू? आधार तुम्ही मुद्दाम काढता ना?"

तिचे कान तापले. "कधी कळलं?"

"पहिल्याच वेळी. टाचेच्या वळणावर इतकी बारीक जाळी विणणारी बाई आधार विसरेल कशी?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही चुका करणं थांबवलं असतं."

त्याच्याकडचा पक्षी ओरडला. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "तक्रार... मिटवू का?"

एक हो म्हटलं की संपलं. ना नंबर, ना चेहरा, सोमवारपासून त्या फोनवर कुणी दुसराच. काका बाजूलाच बसले होते, पण आता तिला कुणाचीच भीड वाटेना.

"नाही. मिटवू नका. मला तुम्ही आवडता. फोनवर हे सुटणार नाही."

बाण जागच्या जागी थिजला.

"माझ्या नावावर उघडी राहिलेली तक्रार मलाच तडीस न्यावी लागते," तो अखेर म्हणाला. "म्हणजे यावं लागणार. माझी सगळी ऐट जाणार हो."

"जाऊ दे."

पुढचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. दारात पाऊल वाजलं की मान वर, आणि येणारा कुरियरवाला. तो नुसता बोलून गेला असेल, अशीही शंका मनात यायची.

मग एका संध्याकाळी खांद्याला बॅग लावलेला एक माणूस तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. तिने कल्पिला होता त्याहून बुटका, आणि कान थोडे बाहेर आलेले. हा तो नव्हेच, असं तिला वाटलं. त्याने काही न बोलता पडद्याकडे बोट नेलं. ते बोट टाचेभोवती दोनदा गोल फिरलं आणि मग अलगद टेकलं.

तिने शेजारची खुर्ची त्याच्यासाठी ओढली.

"कुणीतरी आधार काढलाय वाटतं," तो म्हणाला.

"मी नाही हं," काका घाईघाईने म्हणाले आणि चहाला उठून गेले.

तिने आधार परत लावला. दोनदा चुकलं, आणि या खेपेला खरंच चुकलं. गणित सुरू झालं. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरत होती आणि दोघंही तिच्याकडेच बघत होते, कारण एकमेकांकडे बघण्याचा धीर होत नव्हता. वजन आलं. टाच तळव्यावर टेकली आणि तिथेच राहिली.

"तक्रार मिटवू का?" त्याने विचारलं.

"मिटवा," ती म्हणाली. "पण तुम्ही जाऊ नका."