रक्ताची पातळी

ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी, इस्पितळात स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टर ओल्वेन प्रोबर्टच्या यादीत छातीचे अकरा सीटी स्कॅन होते. त्यातला दहावा गेथिन मोस्टिनचा होता. नाव वाचून ती मनाशीच हसली. वेल्सच्या त्या डोंगराळ भागात चाळीस वर्षांपूर्वी शाळेची बस गेथिनच चालवायचा, आणि डबा विसरलेल्या ओल्वेनला त्यानं आपल्यातलं अर्धं सँडविच कितीदा तरी दिलं होतं. आता तो एक्याऐंशी वर्षांचा होता. खोकला जात नव्हता म्हणून त्याच्या डॉक्टरनं स्कॅन सांगितला होता.

फुप्फुसं वयाच्या मानानं बरी होती. खोकल्याचं कारण सापडलं, तेही किरकोळ निघालं. ओल्वेन अहवाल संपवणार तेवढ्यात तिची नजर हृदयावर अडली. शिरेत औषध न सोडता काढलेल्या स्कॅनमध्ये हृदयाचा स्नायू आणि आतलं रक्त जवळजवळ एकाच करड्या रंगाचं दिसतं. दोन कप्प्यांमधली भिंत वेगळी ओळखू येत नाही. गेथिनच्या हृदयातली भिंत मात्र खडूनं ओढल्यासारखी उठून दिसत होती. भिंत होती तशीच होती. तिच्या दोन्ही बाजूंचं रक्त काळसर झालं होतं, म्हणजे पातळ झालं होतं. ओल्वेननं पडद्यावरच्या महाधमनीत एक लहान वर्तुळ काढलं आणि यंत्रानं तिथल्या घनतेचा आकडा दाखवला. पाण्याचा आकडा शून्य असतो, निरोगी रक्ताचा चाळीस ते पन्नास. गेथिनचा एकोणतीस आला.

यात गूढ काही नव्हतं. छातीच्या स्कॅनमध्ये रक्तक्षय असा अवचित सापडतो, बघणाऱ्यानं बघितलं तर. बहुतेक जण बघत नाहीत, कारण त्यांना कुणी ते विचारलेलं नसतं. ओल्वेनला या गोष्टीचा जुना राग होता. पायऱ्या चढताना दम लागतो म्हणून सांगणाऱ्या बायकांना 'या वयात व्हायचंच' म्हणून घरी पाठवायचं, आणि उत्तर त्यांच्याच स्कॅनमध्ये वर्षानुवर्षं न वाचता पडून राहायचं. असे किती तरी तिनं पाहिले होते. तिनं अहवालाखाली नेहमीची ओळ घातली: रक्तक्षयाची दाट शक्यता, हिमोग्लोबिन तपासावं.

तीन दिवसांनी उत्तर आलं. हिमोग्लोबिन चौदाच्या वर. ठणठणीत.

यंत्र बिघडलं असेल, म्हणून तिनं तेही पाहिलं. रोज सकाळी त्यात पाण्यानं भरलेलं एक प्लास्टिकचं पिंप ठेवून आकडा तपासतात. तो शून्यच येत होता. त्या मंगळवारच्या बाकीच्या दहा जणांचे आकडे त्रेचाळीस, सेहेचाळीस असे नेमके होते. पुढच्या आठवड्यात शहात्तर वर्षांच्या मार्गेद आनविलचा सत्तावीस आला. हिमोग्लोबिन पुन्हा उत्तम. मग आणखी दोघं, तसेच. चौथ्याचा पत्ता वाचताना ओल्वेनचा हात थांबला. चौघंही नव्या ओळीत राहणारे होते.

नवी ओळ म्हणजे रस्त्याच्या वरच्या अंगाला असलेली बावीस घरं. साठ वर्षं उलटली तरी तिचं नाव नवीच राहिलं. दूरच्या एका मोठ्या शहराला पाणी हवं म्हणून कूम गर्वेनचं खोरं बुडवलं, तेव्हा तिथल्या माणसांना उचलून या घरांत आणून ठेवलं. शाळा, पोस्ट, चॅपेल, चौदा शेतं, सगळं धरणाच्या पोटात गेलं. त्या विस्थापितांपैकी आता नऊ जण उरले होते. ही चौघं त्या नवांतली होती. त्याच ओळीत नंतर राहायला आलेल्या एका बाईचा स्कॅन ओल्वेननं मुद्दाम काढून पाहिला. तिचं रक्त पंचेचाळीसचं होतं.

विभागप्रमुख डॉ. हॅडोंनी तिला बोलावून घेतलं. चार वेळा तिनं रक्तक्षय म्हणून कळवलं, चारही वेळा खोटं ठरलं, गावातल्या दवाखान्यानं तक्रार केली, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना फक्त कटकट नको होती.

"रक्त तपासलं, रक्त चांगलं आहे," ते म्हणाले. "विषय संपला."

"मग स्कॅनमध्ये दिसतंय ते काय आहे?"

"तू बघितलं नसतंस तर काहीच नव्हतं, ओल्वेन."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याहून मोठा चटका जागेवर परतल्यावर बसला. गेथिनच्या अहवालातली तिची ओळ काढून टाकली होती, आणि खाली सही मात्र तिचीच ठेवली होती.

त्याच दुपारी ती नव्या ओळीत गेली आणि गेथिनच्या दंडाला पट्टा बांधून तिनं स्वतः रक्त काढलं. नळी उजेडात धरली. दाट, गडद लाल रक्त. तिथूनच ती त्याला गाडीत घालून इस्पितळात घेऊन आली आणि कुणाला न विचारता पुन्हा स्कॅन केला. आकडा अठरा आला. रक्तातल्या सगळ्या तांबड्या पेशी काढून टाकल्या तरी उरलेला द्रव वीसच्या खाली सहसा जात नाही. आणि हा माणूस बाहेरच्या बाकावर बसून परिचारिकेला बसमधले जुने किस्से सांगत होता.

मग तिनं त्या नऊ जणांचे जुने स्कॅन धुंडाळले. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये गेथिन शिडीवरून पडला होता; तेव्हाचा आकडा पंचेचाळीस. मार्गेदचे तीन होते: त्याच वर्षी जानेवारीत तीस, सप्टेंबरात चव्वेचाळीस, आता सत्तावीस. दोन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा सगळ्यांच्याच लक्षात होता. पाऊस नव्हता, धरण आटलं होतं, चॅपेलच्या भिंती वर आल्या होत्या आणि लांबून लांबून माणसं फोटो काढायला येत होती.

धरणाची रोजची पातळी फाटकावरच्या फलकावर लिहिलेली असते आणि जुन्या नोंदी कुणालाही मिळतात. ओल्वेननं त्या मिळवल्या. एका कागदावर डावीकडे पाणी, उजवीकडे रक्त. पाणी चढलं की रक्त उतरलं होतं. तिला एकही अपवाद सापडला नाही. तिनं तो कागद फाडून टाकला, आणि दुसऱ्या दिवशी तोच कागद पुन्हा पहिल्यापासून केला. तसाच झाला.

शनिवारी सकाळी ती कागद घेऊन गेथिनकडे गेली. मार्गेदही तिथेच होती, चहात भिजवलेल्या मनुकांचा केक कापत. ओल्वेननं अडखळत सगळं सांगितलं. दोघं दचकतील, निदान हसतील, असं तिला वाटलं होतं. मार्गेदनं तिच्यापुढे बशी सरकवली.

"धरण भरलं की आमचे पाय जड होतात," गेथिन म्हणाला. "आटलं की ही बया जिना धावत चढते. आम्हाला ठाऊक आहे, पोरी. फक्त त्याचा आकडा ठाऊक नव्हता."

"मग इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं की. मी एकोणीसचा होतो. अख्खं गाव त्या शहरात गेलं, तान्ह्या पोरांसकट, हातात पाट्या घेऊन. चार तास तिथल्या नगरपालिकेच्या दारात उभे होतो. आतली माणसं खिडकीतून बघत चहा पीत होती. एकानंही दार उघडलं नाही." त्यानं केकचा तुकडा तोंडात टाकला. "तेव्हा जिवंत माणसं ओरडत होती. आता तुझ्या फोटोंचं कोण ऐकणार?"

हे सांगताना त्याच्या आवाजात राग नव्हता. तो साठ वर्षांत झिजून गेला असावा. ओल्वेन कागदाची घडी घालून उठली. निघताना मार्गेदनं सहज सांगितलं, की शहर वाढलंय म्हणून धरणाची भिंत पाच फुटांनी उंच केली आहे आणि नोव्हेंबरच्या मध्याला पाणी नव्या खुणेपर्यंत जाणार आहे.

ओल्वेन सोमवारी धरणाच्या कचेरीत गेली. तिथल्या व्यवस्थापकानं उठून खुर्ची दिली. तिनं दोन आठवड्यांची मुदत मागितली. खाली नऊ म्हातारी माणसं आहेत, त्यांची प्रकृती तपासायची आहे, म्हणाली. त्यानं आपुलकीनं विचारलं की त्यांना आजार कोणता आहे. तिच्याकडे आजाराचं नाव नव्हतं. तिच्याकडे चौघांचं उत्तम हिमोग्लोबिन होतं आणि दोन रकान्यांचा एक कागद होता. तो कागद त्यानं नीट वाचला, घडी घालून परत केला आणि म्हणाला की तिकडे लाखो माणसांना पाणी लागतं.

"पाणी काही कुणाच्या मालकीचं नसतं, डॉक्टर."

"मग फाटकाला कुलूप कशाला लावलंय?" ओल्वेननं विचारलं.

तो अवघडून हसला आणि तिला दारापर्यंत सोडायला आला.

चौदा नोव्हेंबरला, गुरुवारी दुपारी, पाणी नव्या खुणेला टेकलं. ओल्वेननं गेथिन आणि मार्गेदला अडीच वाजता बोलावून घेतलं होतं.

मार्गेदचा आकडा तीन आला.

गेथिन यंत्राच्या फळीवर आडवा झाला, हात डोक्यामागे घेतले. फळी आत सरकली. त्याच्या छातीचे काप एकामागून एक पडद्यावर उतरू लागले. हृदयाच्या भिंती लख्ख पांढऱ्या, आणि त्यांच्यामध्ये काळोख.

तिनं महाधमनीत वर्तुळ काढलं. शून्य.

हृदयाच्या डाव्या कप्प्यात काढलं. शून्य. उजव्या कप्प्यात, शून्य.

तिनं दोघांनाही बाहेर बसवलं, पाण्याचं पिंप यंत्रात ठेवलं आणि तेही तपासलं. शून्य. आता गेथिनचं हृदय आणि पिंप, ही दोन चित्रं शेजारी शेजारी होती, आणि मधला काळा रंग दोन्हीकडे एकच होता.

बाहेर येऊन तिनं गेथिनची नाडी धरली. सावकाश, नीट, भरदार चालली होती. तो शर्टाची बटणं लावत होता.

"थंडी वाजते का?" तिनं विचारलं.

"नाही गं. फक्त कानात आवाज येतोय. लांबून बांधावरून पाणी पडतं ना, तसा."

तिनं हॅडोंना बोलावून आणलं. मग त्यांनी स्वतः माऊस हातात घेतला, स्वतः वर्तुळ काढलं, आकडा वाचला आणि पडदा बंद केला.

"यंत्र दुरुस्तीला लाव," ते म्हणाले. "आणि काही लिहू नकोस."

तिनं लिहिलं. फुप्फुसांबद्दल दोन ओळी, आणि त्याखाली: हृदयात व मोठ्या रक्तवाहिन्यांत रक्ताची घनता आढळत नाही, घनता पाण्याइतकी आहे. याचं कारण मला सांगता येत नाही. हे मी पाहिलं आहे. खाली पूर्ण नाव घातलं आणि अहवाल पाठवून दिला. तासाभरात तो अभिलेखातून नाहीसा झाला. तिनं पुन्हा पाठवला. पुन्हा गेला. तिनं तिसऱ्यांदा पाठवला.

मार्गेद रविवारी चॅपेलमधून येऊन खुर्चीत बसली ती उठली नाही. गेथिन दहा दिवसांनी गेला. नाताळपर्यंत नऊच्या नऊ गेले. नऊ दाखल्यांवर एकच कारण होतं: वार्धक्य. वार्धक्याबद्दल कुणाकडे दाद मागायची, हे ओल्वेनला ठाऊक नव्हतं. तिनं सगळे आकडे, तारखा आणि पातळ्या नावं वगळून तिच्या व्यवसायातल्या लोकांच्या एका पत्रिकेकडे पाठवल्या. गावाचं नाव दिलं नाही, धरणाचा उल्लेख 'जवळचा एक जलाशय' एवढाच केला. असं काही इतर कुणी पाहिलं आहे का, असं शेवटी विचारलं. पानाच्या कोपऱ्यात ते छापून आलं.

फेब्रुवारीत एकच उत्तर आलं. धरणाचं पाणी जातं त्या मोठ्या शहरातल्या, लहान मुलांच्या इस्पितळातल्या एका अनोळखी डॉक्टरीणबाईंचं.

माझा अनुभव तुमच्या उलट आहे, म्हणून लिहावं की नाही अशा विचारात होते, असं त्यांनी सुरुवातीला लिहिलं होतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून इथे मुलांच्या स्कॅनमध्ये रक्त फार दाट दिसतं आहे: अडुसष्ट, एकाहत्तर, चौऱ्याहत्तर. रक्तवाहिन्या औषध न देताच पांढऱ्या उजळतात. रक्ताच्या तपासण्या अगदी बरोबर येतात आणि वरिष्ठ म्हणतात, सोडून द्या. आतापर्यंत अशी एकोणीस मुलं झाली. एकही आजारी नाही. गाल लालबुंद आहेत, वजनं वाढताहेत. सगळ्यांत लहान मुलगी चार वर्षांची आहे. तिच्या आईची तक्रार एवढीच आहे, की ती खेळता खेळता उठते, नळाला तोंड लावते, आणि ओढून काढली तरी सोडत नाही.