बिनपेटीची बॅटरी

इचलकरंजीतल्या त्या यंत्रमागाच्या शेडमध्ये समीना मुजावर शिरली तेव्हा चहा उकळत होता. किटलीची वायर मात्र भिंतीकडे गेलेली नव्हती. जमिनीवर काळ्या कापडाचा एक तागा पडला होता, त्याच्या काठाला रुपयाएवढी चकती शिवलेली होती आणि वायर त्या चकतीत खोचलेली होती. बाजूला माग खडखडत होता, धोटा इकडून तिकडे धावत होता आणि तेच काळं, किंचित चमकणारं कापड इंचाइंचानं खाली उतरत होतं.

"ये की, पाय दे त्यावर. काही होत नाही," मृणाल शिंत्रे कपात चहा ओतत म्हणाली. "सकाळपासून सगळ्या शेडचा चहा त्या ताग्यावरच चाललाय."

समीनानं पाय दिला नाही. ताग्याला लांबून वळसा घालून ती स्टुलावर येऊन बसली.

दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. मृणालनं वस्त्रोद्योगाचं शिक्षण घेतलं, वडिलांच्या जुन्या मागांवर सूत सोडून भलतंच काहीतरी विणायला घेतलं आणि भाऊबंदांत हसं करून घेतलं. समीना शर्यतीच्या गाड्या चालवायची. गेल्या वर्षी आळत्याच्या माळावरच्या ट्रॅकवर तिची गाडी कठड्याला घासली, सीटखालच्या बॅटरीला मार बसला आणि बघता बघता तिच्यातून पांढऱ्या धुराचा लोट उसळला. ती वेळेवर बाहेर पडली, पण डावा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून ती गाडीत बसली नव्हती.

आता त्याच ट्रॅकवर विजेच्या गाड्यांची मोठी शर्यत होती. तिच्या संघाचे मालक, शिरोलीच्या फाउंड्रीचे चौगुले आबा, तिला एवढंच म्हणाले होते, "बॅटरी कुठली घ्यायची ते तू ठरव. बसायचं तुला हाय."

निवड सोपी नव्हती. एका नावाजलेल्या कंपनीची बॅटरी जाड पोलादी पेटीत बंद होती. ती पेटायची नाही, पण तिचं वजन इतकं की वळणावर गाडी म्हशीसारखी रेलायची. हलक्या बॅटऱ्या बाजारात पुष्कळ होत्या. समीनाची पेटली ती हलकीच होती. हलकी हवी तर भरवसा सोडा आणि भरवसा हवा तर वेग सोडा, असा सगळा मामला. आणि तिसरी होती ही, मृणालची.

"यातला एकेक धागा म्हणजे एक अख्खा विद्युतघट," मृणालनं कापडाचं टोक उसवून केसासारखा एक तंतू बोटावर घेतला. "आत कार्बनचा तंतू, तो एक ध्रुव. त्यावर घट्ट क्षाराचा पातळ लेप, विजेचे कण त्यातून ये-जा करतात. वरचा लेप हा दुसरा ध्रुव. आत द्रव नाही, त्यामुळे सांडायला काही नाही. हे कापड राळेत भिजवून साच्यात वाळवलं की पत्र्यापेक्षा टणक होतं. त्याचीच गाडी करायची. दार, छत, तळ, सगळं. बॅटरीला वेगळं वजनच नाही, कारण वेगळी बॅटरीच नाही."

समीनानं कप खाली ठेवला. "मागच्या वेळी बॅटरी माझ्या सीटखाली होती, मृणाल. या खेपेला तू मला बॅटरीच्या आत बसवायला निघालीस."

मृणालनं वाळवलेला एक काळा पत्रा उचलला, त्याला दिवा जोडला आणि ड्रिलनं मधोमध भोक पाडलं. दिवा लुकलुकलासुद्धा नाही.

"टेबलावर सगळ्याच शहाण्या असतात," समीना म्हणाली. "माझी ती गेल्या वर्षीचीही शहाणीच होती."

"मग काय करू म्हणतेस?"

शेडच्या पलीकडच्या भागात गाडीचा काळा सांगाडा उभा होता. रंग नाही, नंबर नाही, नुसती दारं, छत आणि आत एक सीट. समीना त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पूर्ण भरलीय?"

"काठोकाठ."

"तू बस आत. दार लाव."

मृणालनं केसांचा अंबाडा घातला आणि निमूट आत जाऊन बसली. समीनानं कोपऱ्यातला घण उचलला. पहिला घाव तिनं बिचकतच घातला.

"भाकरी थापतेस काय?" मृणाल आतून ओरडली. "कठडा काय असा हळू लागतो व्हय?"

दुसरा घाव समीनानं अंगातलं सगळं बळ लावून घातला. वर्षभराची सगळी भीती, इस्पितळातल्या पट्ट्या, रात्री नाकात येणारा तो जळका वास, सगळं त्या घणात उतरलं. दाराला वाकडीतिकडी भेग गेली. मागाचा खडखडाट तेवढा चालू राहिला. धूर नाही, ठिणगी नाही. सीटसमोरच्या पडद्यावरचा शंभराचा आकडा नव्व्याण्णव झाला आणि तिथंच थांबला.

समीनानं भाजलेल्या हाताचा तळवा भेगेवर ठेवला. भेग कोमट होती, उन्हात वाळत घातलेल्या धुण्यासारखी.

"तुटलेल्या टोकांना हवा लागली की क्षारावर कवच धरतं," दार ढकलत बाहेर येणारी मृणाल म्हणाली. "जखमेवर खपली धरते तसं. तुटले तेवढे धागे मेले. बाकीचे एकमेकांशी विणलेले आहेत, ते काम करत राहतात."

समीनानं घण खाली टाकला. "आबांना सांग," ती म्हणाली, "पेटी नको."

आबांनी कपाळाला हात लावला. "अगं, पेटीतली बॅटरी निदान दिसते तरी कुठं हाय ती!" पण दिलेला शब्द त्यांनी फिरवला नाही. नवं दार बसवून गाडी ट्रॅकवर गेली.

शर्यतीच्या सकाळी तपासनीस गाडीभोवती दोन फेऱ्या मारून गोंधळून उभे राहिले. नियमाप्रमाणे बॅटरीवर त्यांना शिक्का मारायचा होता. "बॅटरी कुठाय?" त्यांनी विचारलं. मृणालनं हात पसरून अख्खी गाडी दाखवली. बरीच चर्चा झाली. अखेर नियमात बॅटरी पेटीतच हवी असं कुठंही लिहिलेलं नाही, हे मान्य करून त्यांनी छतावर शिक्का मारला. शेजारच्या संघातली माणसं हसली. त्या संघाचा चालक ऋत्विज दाते सलग दोन वर्षं जिंकत आला होता, आणि त्याच्या गाडीच्या पोटात तीच जाड पोलादी पेटी होती.

वीस फेऱ्यांची शर्यत होती. पहिल्या फेरीतच समीनाच्या ध्यानात आलं, ही गाडी वेगळी आहे. वळण आलं की ती नुसतं मनात आणायची आणि गाडी वळायची. जड गाड्यांचे ब्रेक लावून झाले तरी हिला अजून लावायचेच असायचे. एक, दोन, चार गाड्या मागं पडल्या. बाराव्या फेरीला पुढं फक्त दाते उरला.

चौदाव्या फेरीत, मंदिराच्या टेकाडाखालच्या वळणावर, ती आतल्या बाजूनं घुसली. दात्याची जड गाडी रेलली आणि घसरत तिच्या अंगावर आली. कर्रकन आवाज झाला. डावीकडून वाऱ्याचा झोत आला आणि समीनानं बघितलं तर तिथं दारच नव्हतं. बिजागरीतून उखडून ते बाहेरच्या गवतात भिरभिरत गेलं होतं.

तिचा पाय आपोआप वर आला. गाडी मंदावली. दाते सावरून पुढं निघाला, मागच्या दोघांनीही तिला मागं टाकलं. ती वाट बघत होती पांढऱ्या धुराची, त्या वासाची. भाजलेल्या हातावरची कातडी आवळून आली. बाहेर उडी टाकायची की नाही, एवढा एकच विचार डोक्यात होता.

"समीना," कानातल्या यंत्रात मृणालचा आवाज आला. "दार गेलंय."

"दिसतंय मला!"

"धूर आहे?"

समीनानं आजूबाजूला बघितलं. वारा होता. उडणारी लाल धूळ होती. गवताचा वास येत होता. "नाही," ती म्हणाली. आणि मग स्वतःलाच ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हणाली, "नाहीये."

"दाराएवढी वीज गेली. पण दाराएवढं वजनही गेलं. उरलेली पुरेल. ठरव तू."

समीनानं ठरवलं. पाय तळाला टेकला.

पुढच्या फेऱ्यांचं वर्णन आळत्याची माणसं अजून करतात. एका बाजूनं उघडी गाडी, आत बसलेली बाई सगळ्यांना दिसतेय, तिची बाही वाऱ्यानं फडफडतेय आणि ती एकेकाला गाठत चाललीय! जड गाड्यांना शेवटी वीज पुरवून वापरावी लागत होती, त्यांचे चालक हात आखडून चालवू लागले. हिच्या पडद्यावर अजून पाचवा हिस्सा शिल्लक होता. शेवटच्या फेरीत त्याच टेकाडाखालच्या वळणावर ती पुन्हा दात्याच्या आतून घुसली. या वेळी त्यानं जागा सोडली, किंवा त्याच्या पेटीनंच त्याला बाहेर ओढलं. समीना पुढं निघाली ती थेट झेंड्याखालून गेली.

आबांनी फेटा उडवला. तो कुणाच्या तरी गाडीखाली गेला, त्याचीही त्यांना शुद्ध नव्हती. समीना गाडीतून उतरली, ती नसलेल्या दारातूनच. मृणाल धावत आली, दोघींनी एकमेकींना मिठी मारली आणि दोघीही रडता रडता हसत सुटल्या. दाते हेल्मेट काढून आला आणि त्या काळ्या छतावर टकटक करून म्हणाला, "पुढच्या वर्षी मला पण एक शिवून द्या." कुणी त्याला हसलं नाही. आबा ज्याला त्याला सांगत सुटले होते, "पेटी नको म्हणून मीच बोललो हुतो!"

दुपार कलली तेव्हा मृणालला दाराची आठवण झाली. तपासणीसाठी ते हवं होतं. दोघी टेकाडाखालच्या गवतात गेल्या. दार तिथं नव्हतं. घसटल्याची खूण कुंपणाच्या फटीतून पलीकडच्या रस्त्यापर्यंत गेली होती.

रस्त्याला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. त्याच्या मालकीण, पन्नाशीच्या बायनाक्का चरकात ऊस सारत होत्या, घुंगरं छुमछुम वाजत होती आणि समोर गिऱ्हाइकांची ही गर्दी. चरकाला टेकून ते काळं दार उभं होतं. चरकाची वायर काठावरच्या चकतीत खोचलेली होती.

दोघींचे पोशाख बघून बायनाक्का वरमल्या. "तुमचं हाय व्हय? आठ दिस झालं, डीपी जळालाय. लाइटच न्हाई. नातीनं ती चकती वळखली, मोबाइलवर दावलेली म्हणं. घालून बघितली तर चरक फिराया लागला." त्यांनी घाईघाईनं दोन ग्लास पुढं केले. "न्या तुमचं दार."

मृणालनं खाली वाकून चकतीवरचा आकडा बघितला. फुटलेल्या, उखडलेल्या, गवतात लोळलेल्या त्या दारात अजून तिसरा हिस्सा वीज शिल्लक होती.

"राहू दे तुमच्याकडं," ती म्हणाली. समीनानं चमकून तिच्याकडे बघितलं, पण मृणालचं लक्ष चरकाकडे होतं. "तपासणी इथंच करून जाते."

बायनाक्कांनी पदरानं हात पुसले. दार त्यांनी एकदा उभं, एकदा आडवं निरखलं. मग रस्त्यापलीकडे बोट केलं. तिथं पिठाच्या गिरणीचं दार बंद होतं आणि पायरीवर डबे घेऊन दोघीतिघी बसल्या होत्या.

"मला येवढं थोरलं कशाला लागतंय?" त्या म्हणाल्या. "करवतीनं निम्मं कापून गिरणीला दिलं, तर दोन्हीकडं चालंल?"

"चालेल. कापलेल्या तुकड्याला दुसरी चकती शिवून देते," मृणाल म्हणाली. आपण काय बोलतोय ते तिचं तिलाच बोलता बोलता कळत गेलं.

"मग तिनं तिच्यातलं निम्मं दवाखान्याला दिलं तर?" बायनाक्कांनी डोळे बारीक केले. "असं कापत कापत गेलं, तर बाई, किती जणास्नी पुरंल हे?"