उगवतीचा रूळ

रूळ तुटला की गाडी थांबते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. कुर्डुवाडीच्या देवकत्यांच्या घरात मात्र उलटी गंगा वाहत होती. तिथे रूळ तुटका असला की गाडी धावायची. शेवटचा तुकडा बसवून रूळ पुरा केला, की जागच्या जागी थांबायची. विजेच्या पेटीवर लाल दिवा लागायचा आणि सगळं ठप्प.

गाडी टेबलावरची होती, इंजिन हाताच्या वितीएवढं. पण तिला कुणी खेळणं म्हटलं की सुहास आजोबांचं डोकं फिरे. गावची अरुंद रुळांची खरी गाडी बंद झाली तेव्हा ते शाळेत होते. त्या वर्षी त्यांनी घरात पहिला रूळ टाकला आणि मग जन्मभर थांबलेच नाहीत. पुढे ते मातीचे शास्त्रज्ञ झाले, सुटीच्या दिवशी मात्र रेल्वेचेच. डोंगर लगद्याचे, झाडं वाळक्या शेवग्याच्या काड्यांची, पूल स्वतः कापलेल्या पत्र्याचा. खोलीच्या एका टोकाला कुर्डुवाडी स्टेशन होतं. दुसऱ्या टोकाच्या स्टेशनचं नाव त्यांनी ठेवलं होतं ‘टोक’. नाव सुचलं नाही म्हणून तेच ठेवलं, असं ते सांगत.

एक अडचण पहिल्यापासून होती. रूळ सरळ, त्यामुळे इंजिन टोकला पोचलं की ते हाताने उचलून घराकडे तोंड करून ठेवावं लागे. इतकी वर्षं आजोबांनी ते केलं. आता २०६१ साली त्यांच्या हाताला कंप सुटला होता. गेल्या महिन्यात उचलताना इंजिन पडलं, धुराडं मोडलं. आजोबांनी सगळ्या टेबलावर चादर घातली आणि एका बालभवनाला फोन करून सांगितलं, रविवारी येऊन घेऊन जा.

त्यांची नात ओवी पाचवीत होती. चादर बघून तिला रडूच आलं. घरात खटपट्या होता. हा यंत्रमानव आजोबांनी पूर्वी शेतातले मातीचे नमुने गोळा करायला बनवला होता, त्यामुळे त्याची बोटं फार नाजूक चालत. इंजिन खटपट्या उचलेल की, असं ओवीने सुचवून पाहिलं. आजोबा म्हणाले, मग खेळ त्याचा झाला, मी नुसता बघ्या. तेव्हा ओवीने दुसरी युक्ती काढली. टोकला थेंबाच्या आकाराचा वळसा टाकायचा. गाडी सांध्यावरून (रूळ बदलायच्या जागेवरून) वळशात शिरेल, गोल फिरेल आणि त्याच सांध्यावरून घराकडे तोंड करून बाहेर पडेल. कुणी हात लावायला नको. तिकडचं जमलं की कुर्डुवाडीच्या टोकालाही तसाच वळसा टाकता येईल.

आजोबांनी कुरकुरत चादर काढली. वळसा झकास झाला, आणि शेवटचा तुकडा बसवताच तो लाल दिवा लागला.

जगात कुणीतरी हे सोडवलं असेल, शोधून सांगू का, असं खटपट्याने विचारलं. त्यावर आजोबांनी त्याला गप्प बसवलं. खेळ आपला तर उत्तरही आपलंच, हा त्यांचा जुना बाणा. बाण्यापायी माणूस किती वर्षं इंजिन उचलत बसतो ते तुम्ही वाचलंच आहे.

मग खटपट्याने एकेक जोड तपासला. त्याने रुळांना गाडीच्या हिशेबाने नावं दिली होती, डावा आणि उजवा. डावा सगळीकडे डाव्यालाच जोडला आहे, उजवा उजव्याला, कुठे चूक नाही, असं त्याने ठणकावून सांगितलं. आणि ते अगदी खरं होतं.

“कुणाचा डावा?” आजोबांनी विचारलं.

“गाडीचा,” खटपट्या म्हणाला.

आजोबा चिडले. आमच्याकडे वाट सांगताना डावं-उजवं कुणी म्हणत नाही, ते म्हणाले. विहीर उगवतीला, देऊळ मावळतीला, असं सांगतात. डावं-उजवं माणसाबरोबर फिरतं. सूर्य उगवायची बाजू कुणाबरोबर फिरत नाही.

ओवी उठली. मधला सरळ रूळ दक्षिणेच्या कुर्डुवाडीकडून उत्तरेच्या टोककडे जात होता, म्हणजे त्याची एक पट्टी उगवतीकडे होती आणि एक मावळतीकडे. तिने उगवतीच्या पट्टीवर बोट ठेवलं आणि बोट न उचलता चालायला लागली. पूल गेला, सांधा गेला, वळसा गोल फिरला, पुन्हा सांधा आला. ती घराकडे निघाली तेव्हा तिचं बोट मावळतीच्या पट्टीवर होतं.

“आजोबा, हे दोन रूळ नाहीतच,” ती म्हणाली. “एकच आहे. स्वतःलाच येऊन भिडलाय.”

यात बिघडलं काय, ते नीट समजून घेऊ. इंजिनात इवलीशी मोटर असते. पेटीतून निघालेली वीज एका पट्टीतून मोटरपर्यंत येते, ती फिरवते आणि दुसऱ्या पट्टीतून पेटीकडे परतते. म्हणून दोन पट्ट्या कुठेही एकमेकींना लागता कामा नयेत. लागल्या तर वीज मोटरच्या नादी लागत नाही. ती जवळची वाट धरते आणि भरमसाट वाहते, त्याने तारा तापतात. यालाच शॉर्ट सर्किट म्हणतात. आग लागू नये म्हणून पेटी स्वतःच बंद पडते आणि लाल दिवा लावते. वळसा पुरा झाला की वीज आणणारी पट्टी वीज परत नेणारीला भिडत होती. म्हणून तर रूळ तुटका असेपर्यंत सगळं ठीक होतं.

उपाय काय? ओवी म्हणाली, कापायचा. सांध्याला लागून, वळशाच्या दोन्ही तोंडांशी, दोन्ही पट्ट्या कापल्या आणि फटीत रोधक (ज्यातून वीज जात नाही असा पदार्थ) म्हणून प्लास्टिकचे तुकडे बसवले. आता वळसा म्हणजे विजेपुरतं एक बेट झालं. बेटाला पेटीतून वेगळ्या तारा दिल्या. लाल दिवा लागला नाही. गाडी निघाली, बेटावर गेली, गोल फिरली, आणि बाहेर पडताना चाकं फटीवर येताच पुन्हा ठप्प.

आजोबा खुर्चीत बसले. राहू दे पोरी, म्हणाले, रविवार काय लांब नाही. ओवीला राग आला, आणि तो तिने बोलून दाखवला. माझी मेहनत फुकट गेली तरी चालेल, पण तुम्ही रिकाम्या खोलीत बसलेले मला बघवणार नाही, असं ती म्हणाली. आजोबांनी चष्मा पुसला. खटपट्याने उगाचच एक डबा घासायला घेतला.

थोड्या वेळाने आजोबाच पुटपुटायला लागले. कोणत्या पट्टीतून वीज येते त्यावर मोटर सुलटी फिरणार की उलटी, ते ठरतं. जाताना वीज गाडीच्या उजव्या पट्टीतून येत होती, म्हणजे उगवतीच्या. परतताना तिची उजवी पट्टी मावळतीची. मधल्या रुळात मात्र वीज अजून उगवतीनेच येते आहे. फटीवर चाकाने बेटाची वीज आणणारी आणि मधल्या रुळाची वीज परत नेणारी पट्टी एकत्र बांधली, झालं शॉर्ट सर्किट.

“मग मधल्या रुळाची वीज पालटायची,” ओवी म्हणाली.

“पालटली तर गाडी मागे पळेल.”

“ती मधल्या रुळावर असेल तर. बेटावर असताना पालटली तर तिला पत्ताही लागणार नाही.”

आजोबांनी लगेच खटपट्याला हाक मारली.

खटपट्याने पेटी आणि मधला रूळ यांच्यामध्ये उलटपालट खटका बसवला. बटण लहान नको, असं ओवीने बजावलं होतं, म्हणून त्याने सांडशीएवढा लाकडी दांडा लावला. थरथरत्या हातालाही तो सहज धरता येई.

रविवारी बालभवनाची माणसं खोकी घेऊन आली. आजोबांनी त्यांना जरा थांबायला सांगितलं. गाडी कुर्डुवाडीहून निघाली, पुलावरून टोकला पोचली, बेटावर शिरली. आजोबांनी दांडा धरला. हात थरथरत होता, दांडाही थरथरला, पण एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला. गाडीने वळसा पुरा केला, फट ओलांडली आणि मोडक्या धुराड्याचं इंजिन पुढे करून ती घराकडे निघाली. ती स्टेशनात येऊन उभी राहिली.

पाहुण्यांपैकी एका बाईंनी हळूच विचारलं, सामान कधी बांधायचं?

आजोबांनी ते ऐकलंच नाही. ते कुर्डुवाडी स्टेशनच्या मागची जागा वितीने मोजत होते.

“ओवी,” ते म्हणाले, “करवत आण. इकडचाही रूळ कापायचाय.”