आई 'येते' म्हणाली

हे रात्री घडलं नाही. वादळ नव्हतं, वीज गेली नव्हती. भर दुपारचं ऊन होतं आणि आजूबाजूला जहाजावरून उतरलेली माणसं टोप्या विकत घेत होती.

हे आधीच सांगते, कारण ऐकणारा पहिल्यांदा तेच विचारतो. अंधारात भास झाला असेल, म्हणतो.

अंधार नव्हता. मी पाहिलं आणि ऐकलं तेवढंच इथे लिहिलं आहे. एका गोष्टीबद्दल मला खात्री नाही. ती आली की तसं सांगेन.

आम्ही तिघी होतो. मी, आई आणि आईची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी. मावशीने लग्न केलं नाही. ती आमच्या शेजारच्या गल्लीत एकटी राहते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, म्हणून मावशीने या क्रूझचा घाट घातला. सकाळी जहाज एका बेटाला लागायचं, दुपारी निघायचं, दुसऱ्या सकाळी पुढचं बेट.

धक्क्यामागेच बाजाराची गल्ली होती. नारळाच्या कवट्यांचे वाडगे, शंखांच्या माळा, फ्रीजवर चिकटवायची चुंबकं. सगळ्या दुकानांत तेच.

"ताई, हे घे," मावशी एक चुंबक नाचवत म्हणाली. "नुसतं नाव खरवडलं की पुढच्या बेटाचं म्हणूनही खपेल."

"गप गं," आई म्हणाली. "मला इथलं काहीतरी हवंय. इथल्या माणसाच्या हातचं."

म्हणून आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलो.

शेवटच्या दुकानाला पाटी नव्हती. दारात शिंपल्यांच्या माळांचा पडदा होता. आत शिरलं की तो अंगावरून खुळखुळत जायचा. आई शिरली, खुळखुळला. मावशी शिरली, खुळखुळला. मग मी.

आत एक बाई जमिनीवर बसून शिंपले ओवत होती. वय सांगता येणार नाही. तिने वर पाहिलं नाही.

आईने शिंपले लावलेली एक छोटी डबी उचलली. बाईने बोटांनी किंमत दाखवली. आईने घासाघीस न करता दिली, हे जरा नवलच. तेवढ्या वेळात बाईच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही.

निघताना आई सवयीने म्हणाली, "बरं, येते हं."

आमच्या घरात निघताना 'जाते' म्हणायचं नाही. लहानपणी माझ्या तोंडून चुकून निघालं, की आई मला चपला काढून परत आत यायला लावायची आणि नीट म्हणवून घ्यायची. तिच्या लेखी 'गेली' या शब्दाला एकच अर्थ होता. त्यामुळे ती सगळ्यांना 'येते' म्हणायची. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला. दाताच्या डॉक्टरलासुद्धा.

बाईचे हात थांबले. तिने पहिल्यांदाच मान वर केली...

"ये," ती म्हणाली.

आम्ही बाहेर पडलो. थोडं पुढे आल्यावर मावशी हसायला लागली. "ऐकलंस? 'ये' म्हणाली! माहेरवाशिणीला म्हणावं तशी!"

मीही हसले. 'ये' हा एवढासा आवाज. कुठल्याही भाषेत त्याचा काहीही अर्थ असेल, असं मी मनाला सांगितलं.

दुसरी गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही.

बाहेर पडताना पडदा माझ्यासाठी खुळखुळला होता. मावशीसाठीही.

आई बाहेर आली तेव्हा... काहीच वाजलं नव्हतं.

जहाजावर चढताना प्रत्येकाने आपलं कार्ड यंत्राला टेकवायचं असतं. टिंग असा आवाज होतो आणि पडद्यावर फोटो येतो. आम्ही तिघींनी टेकवलं. वर जाऊन चहा घेतला.

जहाज सुटायच्या थोडं आधी भोंग्यावरून पुकारा झाला. एक प्रवासी अजून परतलेला नाही, त्याने त्वरित जहाजावर यावं.

केबिनचा नंबर आमचा होता. कार्डाचा नंबर आईचा.

आई समोर बसून बिस्कीट बुडवत होती.

आम्ही तिला घेऊन खाली, कार्ड टेकवायच्या यंत्रापाशी गेलो. तिथल्या रखवालदाराने पडद्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं. "या बाहेर गेल्याची नोंद आहे, आत आल्याची नाही," तो म्हणाला. मग खांदे उडवून त्याने हातानेच नोंद केली. "होतं असं कधीकधी."

"घ्या! ताई, तू अजून बाजारातच आहेस," मावशी म्हणाली. "आहेसच तर माझ्यासाठी एक टोपी बघ."

आई हसली नाही.

संध्याकाळी ती जेवली नाही. उकाड्याने असेल, असं वाटलं.

सकाळी जाग आली ती वाऱ्याने. बाल्कनीचं दार सताड उघडं होतं. आई बाहेर उभी होती. चांगली साडी, खांद्याला पर्स, पायात चपला. हात कठड्यावर होते आणि एक पाय... कठड्याच्या खालच्या दांडीवर चढवलेला होता.

खाली समुद्र.

मी तिला कमरेला धरून आत ओढलं. "आई! काय करतेयस?"

"अगं, निघाले होते," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. "ती वाट बघत असेल."

"कोण?"

"दुकानातली. मी येते म्हणाले ना तिला."

मावशी पलंगावर उठून बसली होती. पहिल्यांदाच तिला काही विनोद सुचला नाही.

जहाजावरच्या डॉक्टरने रक्तदाब तपासला. सगळं ठीक होतं. उन्हाचा त्रास, भरपूर पाणी प्या, एकटं सोडू नका, असं म्हणाला. बाल्कनीच्या दाराला आम्ही खुर्ची लावली. आई पलंगाच्या कडेला पर्स मांडीवर घेऊन बसली. बस यायची असते तेव्हा माणूस बसतो, तशी. अधूनमधून बाल्कनीकडे बघायची.

तेवढ्यात जहाज पुढच्या बेटाला लागलं.

"हिला इथे कोंडून ठेवलं, तर ही समुद्रात उडी मारेल," मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली. "जमिनीवर तरी नेऊ. दोन्ही हात धरून."

दोन्ही बाजूंनी तिला धरून आम्ही उतरलो. हे बेट वेगळं, धक्का वेगळा. बाजार मात्र तसाच. कवट्यांचे वाडगे, माळा, चुंबकं. आई कुठेच थांबेना. सरळ चालत राहिली. तो गुडघा घेऊन इतक्या भराभर चालताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

गल्लीच्या टोकाला शेवटचं दुकान होतं.

पाटी नव्हती. दारात शिंपल्यांचा पडदा...

"अशी दुकानं सगळीकडेच असतात," मी म्हणाले. कुणाला म्हणाले, माहीत नाही. आई माझा हात सोडवून आत शिरलीसुद्धा. पडदा जागचा हलला नाही.

आत तीच बाई बसली होती.

तिच्यासारखी नव्हे. तीच.

"आलीस," ती म्हणाली. आपल्या भाषेत. आपल्याच सुरात.

"हो, उशीरच झाला जरा," आई म्हणाली आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसली. ऑपरेशननंतर आईला मांडी घालता येत नव्हती. तिने सुई उचलली आणि एका झटक्यात दोरा ओवला. घरी प्रत्येक वेळी तिला सुई मी ओवून द्यायचे. मग ती शिंपले ओवायला लागली. एकामागून एक. हात असे चालत होते, जणू जन्मभर तिने दुसरं काही केलं नव्हतं.

"ताई, ऊठ," मावशी म्हणाली.

"बस ना गं जरा. आत्ताच तर आले."

मी आईला काखेत धरून उठवायला गेले. हललीच नाही. इतकं जड मला कधी कुणीच लागलं नव्हतं.

मावशी त्या बाईसमोर जाऊन उभी राहिली. माझी ही मावशी देवालाही हात जोडत नाही. पण मोठ्या बहिणीसमोर 'जाते' हा शब्द तिनेही आयुष्यात उच्चारला नव्हता.

"आम्ही येत नाही," ती म्हणाली. "आम्ही जातो."

बाईने हातातली माळ खाली ठेवली. तिने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग मावशीकडे.

"कोण जातं?" तिने विचारलं.

दुकानात कसलाच आवाज नव्हता. बाहेरच्या गल्लीचाही नाही. एवढा भरलेला बाजार... आणि एक हाक ऐकू येत नव्हती.

"कोण?" बाईने परत विचारलं. रागाने नाही. कामाचं विचारावं तसं.

"मी," मावशी म्हणाली. "मी जाते."

बाईने मान डोलावली.

आईच्या हातातून सुई गळून पडली. "अगं बाई, गुडघा!" ती एकदम कळवळली. मी तिला उठवलं. आता तिचं नेहमीचं वजन होतं. तिला जवळजवळ ओढतच मी दाराशी नेलं.

पडदा आईसाठी खुळखुळला.

तो आवाज ऐकून मला रडू फुटलं. मी आईला मिठीच मारली.

ज्या गोष्टीची मला खात्री नाही, ती हीच. मावशी आमच्या मागून बाहेर आली तेव्हा पडदा वाजला का... ते मला सांगता येत नाही. मी ऐकत नव्हते.

आम्ही घरी आलो. आईला त्या दुकानातलं काही आठवत नव्हतं. खाणंपिणं, झोप, बोलणं, सगळं पूर्वीसारखं झालं. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

मग औषधांच्या मोठ्या दुकानाचं काचेचं दार मावशीसाठी उघडेना. माणूस समोर आलं की आपोआप सरकणारं दार. ती दोनदा मागे-पुढे झाली. मी पुढे झाले, ते उघडलं.

"बारीक झालेय मी," मावशी म्हणाली. "डाएटचा गुण."

लिफ्टचं दार तिच्या अंगावर मिटायला लागलं. दुकानदार तिला ओलांडून माझ्याशीच बोलायला लागला. प्रत्येक वेळी तिच्याकडे एक विनोद तयार असायचा. नंतर नंतर विनोद थांबले. ती फक्त माझ्यासोबतच बाहेर पडू लागली.

आमच्याकडे मात्र रोज यायची. आजही यायची थांबलेली नाही.

गेल्या रविवारी ती आमच्या सोफ्यावर बसली होती. मी सगळ्यांसाठी चहा ठेवला. आई आतून आली, समोरच्या खुर्चीत टेकली, पदराने घाम पुसला.

"का गं," ती मला म्हणाली, "मावशी रागावलीय का माझ्यावर?"

मला वाटलं, चेष्टा करतेय. मी सोफ्याकडे पाहिलं.

"किती दिवसांत फिरकली नाही," आई म्हणाली. "फोन केला तर उचलते, पण नुसती खरखर ऐकू येते. माझं काही चुकलं असेल तर विचार ना तिला. तुझं ऐकते ती."

आईची नजर सोफ्यावरून फिरली. मावशीवरून फिरली. कुठेच अडकली नाही.

"आई, अगं..." मी सुरुवात केली.

मावशीने ओठांवर बोट ठेवलं.

तिचे डोळे भरले होते. तिने हळूच मान हलवली. नको. सांगू नकोस.

"सांगते," मी आईला म्हणाले. "रागावलेली नाही ती."

आई चहा प्यायली. मावशी तिच्याकडे बघत राहिली. तिच्या स्वतःच्या पुढ्यातला कप तसाच निवला.

मला ती दिसते. तिचा आवाज ऐकू येतो.

पण काल दारात उभं राहून ती काहीतरी म्हणाली... आणि मला तिला दोनदा विचारावं लागलं, काय म्हणालीस?