शंभरापासून उलटे

भूल देताना रोग्याला शंभरापासून उलटे आकडे मोजायला लावायचे, ही त्याची वीस वर्षांची सवय. ते दुधासारखं पांढरं औषध शिरेत जाऊ लागलं की जीभ जड होते, पापण्या मिटतात आणि नव्वद यायच्या आतच मेंदूचा कारभार मंदावतो. कपाळावरच्या पट्टीवरून मशीन तो वेग आकड्यात दाखवतं. जागा माणूस अठ्ठ्याण्णव, गाढ झोपलेला पन्नास-चाळीस. त्याखाली न्यायचं नाही. सिस्टर मंडळी पाठीमागे या भूलतज्ज्ञाला ‘अंगाई’ म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

सोमवारी एक शिक्षिका ब्याण्णववर झोपली. तिच्यानंतर आलेल्या ट्रकचालकाला त्याने नेहमीप्रमाणे सांगितलं, “शंभरापासून उलटे मोजा.”

चालक म्हणाला, “एक्याण्णव.”

बाहेर ऐकू गेलं असेल म्हणून त्याने सोडून दिलं. पण तिसऱ्या रोग्याने चौऱ्याऐंशीपासून सुरुवात केली, बरोबर चालक जिथे थांबला त्याच्या पुढे. मंगळवारी पाच वर्षांची एक चिमुरडी आली. वीसच्या पुढे हिचं घोडं अडतं, असं तिची आईच हसत सांगत होती. ती टेबलावर पडल्या पडल्या “चौऱ्याहत्तर, त्र्याहत्तर” असं खडाखडा म्हणत गेली. बुधवारी त्याने एका बाईला बजावलं, मोजू नका, घरच्यांबद्दल बोला. ती जावेच्या कागाळ्या सांगू लागली आणि आवाज जराही न बदलता मध्येच “त्रेचाळीस, बेचाळीस” वर आली.

सगळे सुखरूप जागे झाले. कुणाला काही आठवत नव्हतं. त्याने घरी चकार शब्द काढला नाही. सांगणार काय, कपाळ?

शुक्रवारी सकाळचा पहिला रोगी आठवर थांबला.

आणि दहा वाजता त्याची बायको मुलीला घेऊन आली. चौदा वर्षांची पोर, पोट धरून दुमडलेली. सर्जन तपासून म्हणाला, “अपेंडिक्स आहे. फुटायच्या बेतात. आत्ता घेऊ या. आज तुझ्याशिवाय भूल द्यायला कुणी नाही, तेव्हा तूच दे.”

एक माणूस सात-आठ आकडे मोजतो. सातपासून शून्यापर्यंत किती, हे त्याला बोटांवर मोजावं लागलं नाही.

“रक्ताचा रिपोर्ट आला नाही अजून,” तो म्हणाला. “तोवर हर्नियाचा पेशंट उरकून घेऊ.”

“अरे, पोरगी कळवळतेय तुझी!”

“रिपोर्टशिवाय मी भूल देणार नाही.”

रिपोर्ट त्याच्या खिशात होता.

हर्नियाचा रोगी म्हणजे एक म्हातारा शिंपी. बोटांच्या टोकांची सुईने चाळण झालेली. टेबलावर चढताना तो म्हणाला, “बाहेर ती तुमची मुलगी ना? तिलाच घ्या की आधी, डॉक्टर. मला कसली घाई?”

“झोपा, काका. उलटे मोजा.”

“सात,” शिंपी म्हणाला.

त्याने औषध थेंबाथेंबाने सोडलं. माणूस बोलता राहायला हवा, आकडे संपायला हवेत. एवढंच त्याच्या डोक्यात होतं, आणि आपण काय करतोय हे त्याला पुरतं कळत होतं.

“सहा. पाच. चार.” मशीन साठवर आलं.

“तीन.” पन्नास.

“दोन.” चाळीस. इथे कुणी बोलू शकत नाही. शिंप्याचे ओठ हलत होते.

“एक.”

मग शिंपी थांबला. शांत श्वास घेऊ लागला.

एकच आकडा उरला होता. बाहेरून मुलीचं कण्हणं ऐकू येत होतं. तो वाकला आणि शिंप्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, “पुढे, काका. मोजा.”

“शून्य.”

मशीनवरचा आकडा झरझर उतरला आणि शून्यावर थांबला. मेंदूची रेघ सरळ झाली. हृदय नीट चालू होतं.

“किती दिलंस?” सर्जन ओरडला.

“नेहमीपेक्षा कमी.” हे मात्र खरं होतं.

औषध बंद केलं. नळी घालून श्वास यंत्रावर घेतला. अर्धा तास वाट पाहिली. आकडा हलला नाही. शिंप्याला शेजारच्या खोलीत नेलं. मुलीला आणखी थांबवणं शक्यच नव्हतं. त्याने सिरिंज उचलली.

“मोज, बाळा.”

“शंभर,” मुलगी म्हणाली.

त्याला रडू फुटलं. चौऱ्याण्णववर ती झोपली. ऑपरेशन झालं. दुपारी चारला, शिंप्याला ठेवलं होतं त्याच खोलीत, तिने डोळे उघडले, पाणी मागितलं, आईचा हात धरला. पडद्यापलीकडे शिंप्याची बायको नवऱ्याच्या उशाशी बसून होती.

बायको पाणी आणायला गेल्यावर मुलीने त्याला खुणेने जवळ बोलावलं.

“बाबा, त्या काकांना थांबायला सांग ना.”

“कुठल्या काकांना?”

“पलीकडच्या. कधीचे मोजतायत. तूच मोजा म्हणालास म्हणे. थांबा म्हणालाच नाहीस.”

“कुठपर्यंत आलेत?”

तिने डोळे मिटून कान दिला. “उणे सहा हजार आणि काहीतरी.”

त्याने पडदा सारला. मशीनवर शून्य. रेघ सरळ. शिंप्याची बायको आशेने वर पाहत म्हणाली, “डॉक्टर, बोट हलतंय बघा यांचं. चांगली खूण ना?”

उजव्या हाताची तर्जनी चादरीवर उठत होती, टेकत होती. एका लयीत. पुन्हा उठत होती.

तो वाकला. “थांबा, काका,” तो कानाशी म्हणाला. “पुरे. थांबा.”

बोट उठलं, टेकलं.

“जोरात सांग, बाबा,” पडद्याआडून मुलगी म्हणाली. “ते खूप खाली गेलेत.”