उरलेला गाल

त्या दिवशी सकाळपासून ऊन असं पडलंच नाही. आभाळ धुवून धुवून विटलेल्या कापडासारखं राखाडी, आणि वारा अगदी पडलेला. दोरीवरचे कपडे संध्याकाळपर्यंत ओलेच राहिले. येणारा-जाणारा म्हणायचा, ही हवाच बरी नाही. त्या दिवसांत काहीही झालं की दोष हवेवरच जायचा.

ते दार जरा लोटून घ्या रे. कडी नको, नुसतं लोटा. हं. घाई नाही, सावकाश सांगतो. ज्याची ही गोष्ट, तो माणूस आपल्या चांगल्या ओळखीतला. त्याने ती जन्मात एकदाच सांगितली, तीही खाली बघून. म्हणून तिला तिखटमीठ लावलेलं नाही.

त्याला सगळे मामा म्हणत. मामांचं सलून होतं. दोन खुर्च्या, समोर लांब आरसा. हात असा हलका, की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागायचं. मामांचा एक नेम होता. दाढी अर्ध्यावर सोडून त्यांनी कधी गिऱ्हाईक उठवलं नाही. एकदा मधेच वीज गेली, तर दाढी मेणबत्तीवर पुरी केली. स्वतःला ताप भरला होता, तेव्हाही हातातली पुरी केली आणि मगच शटर ओढलं.

साथ एकदा येऊन गेली होती. लोकांचे मास्क आधी खिशात गेले, मग खुंटीवर, मग सायकल पुसायच्या कामाला लागले. तेवढ्यात बातमी आली, तोच रोग रूप बदलून परत आलाय. आधी कुठे लांब, मग शेजारच्या गावात, आणि एके सकाळी थेट पलीकडच्या वस्तीत. दोन रस्ते पत्रे ठोकून बंद झाले. भोंगा लावलेली गाडी फिरू लागली. भोंग्यातलं निम्मं कळायचं नाही, आणि उरलेलं निम्मं लोक पदरचं घालून पुरं करायचे. कोणी म्हणे, हा नवा भिंतीतून जातो. कोणी म्हणे, ह्यात ताप येतच नाही, उलट माणूस गार पडतो. दवाखान्यातले डॉक्टर सांगून सांगून थकले, अहो असं काही नाही. पण त्यांच्याकडे भोंगा नव्हता.

ते गार पडण्याचं तेवढं ध्यानात ठेवा. मामांनीही ठेवलं होतं. तिथेच फसले.

मामांचं घर एका बंद गल्लीच्या टोकाला. घराला लागून भिंत, पुढे वाट नाही. थोडं अलीकडे, समोरच्या बाजूला, वरच्या मजल्यावर शिवणवाल्या ताई राहायच्या. गल्लीत शिरायचं किंवा बाहेर पडायचं, तर त्यांच्या खिडकीखालूनच. मांजर गेलं तरी त्यांना कळायचं. रात्र-रात्र मशीनवर बसून मास्क शिवायच्या आणि मामा दिसले की वरूनच ओरडायच्या, "काय मामा! लोकांनी तोंडं झाकली, तुमचा धंदा बसला, माझा उठला!"

मामा हसायचे. पण हसू ओठांपुरतंच. घरात सून बाळंत होऊन महिनाही झाला नव्हता. आधी दोनदा ती पोर दवाखान्यातून रिकाम्या हाताने परत आली होती. या खेपेला मुलगा झाला. मुलगा म्हणजे एवढासा, दुपट्यात गुंडाळला तर ओंजळीत मावेल. मामा दिवसभर लोकांच्या तोंडाशी तोंड नेणार, म्हणून त्यांनी स्वतःच स्वतःला ताकीद दिलेली. बाळाला हात लावायचा नाही. दारातून बघायचं. मामी चिडवायच्या, "आजोबा आहात की भाडेकरू?" मामा म्हणायचे, "असू दे. भाडेकरू तर भाडेकरू. ह्या घरात माझ्या पायाने काही यायला नको."

तर तो गुरुवार. दुपारी फोन वाजला. पंपवाल्या दादांचा.

हे दादा म्हणजे पाण्याचे पंप दुरुस्त करणारे. खाली वर्कशॉप, वर एकट्याची खोली. मामांपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठे, आणि बोलायला बसले की समोरच्याने फक्त हसायचं. मोटारीची बारीक तार गुंडाळण्यात आयुष्य गेलं, पण म्हातारपणी हात थरथरायला लागले. तेव्हापासून दाढी मामांच्या हातची. मामांच्या ब्रशची मूठ एकदा चिरली, तर दादांनीच तिला तांब्याची तार गुंडाळून दिली होती. थरथरत्या हाताने. अर्धा दिवस लागला, पण गुंडाळली.

"अरे मामा, माझा निकाल आला," दादा म्हणाले. "पास झालो. तो नवाच आहे म्हणे."

मामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गप्प काय बसलास? उद्या सकाळी न्यायला येणार आहेत मला. चेहऱ्यावर हे जंगल. ह्यात ते नळी कुठे खुपसणार? आणि मी वस्तरा धरला तर गालासकट निघेल. रात्री सगळे झोपले की येऊन जा."

"दादा, घरात तान्हं..."

"ठाऊक आहे. नातू झाला आणि मला दाखवला नाहीस अजून. ते राहू दे. तू लांबून नाही म्हणालास तरी मला राग नाही यायचा."

आता अशाला नाही म्हणता येतं का? मामा म्हणाले, येतो. मग दुपारभर बसून त्यांनी सगळा बेत केला. दोन मास्क, वर चष्मा, हातमोजे. दाढी झाली की घरी जायचंच नाही. दुकानात यायचं, कढत पाण्याने अंघोळ, औजारं उकळायची, आणि पुढचे काही दिवस तिथेच. मामींना म्हणाले, "दुकानातच झोपतो आजपासून. खबरदारी म्हणून. दाराला आतून कडी घाल."

"आता भाडेकरूसुद्धा सोडून चालला," मामी म्हणाल्या.

रात्री साडेअकराला मामा निघाले. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. वर्कशॉपच्या दारावर दवाखान्याचा कागद चिकटवलेला, पण बाजूचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत उघडे पंप, सुटे पत्रे. तेलाचा वास तिथे कायम भरलेला असायचा. त्या दिवशी दोन मास्कमधून काही आला नाही. मामा लोखंडी जिना चढले.

खोलीत अंधार. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत दादा. पाठमोरे.

"आलास?"

"आलो दादा. दिवा लावू?"

"नको. डोळ्यांना खुपतो. बाहेरचा उजेड पुरे आहे."

आवाज बसलेला. मामांनी मनात म्हटलं, घसा धरलाय. थर्मासमधलं कढत पाणी वाटीत ओतलं. वाफ आली आणि मास्कमधून निघालेल्या स्वतःच्या श्वासाने चष्मा पार धुकटला. पुसला, पुन्हा धुकटला. मामांनी फेस केला, दोन्ही गालांना लावला, वस्तरा उघडला. पण हातमोजा घालून दाढी होत नाही. गालावरून उलटं बोट फिरवल्याशिवाय खुंट कळत नाहीत. मामा जरा घुटमळले. मग डाव्या हातातला मोजा काढला.

बोट लावलं.

गाल गार होता. बाहेर ठेवलेल्या लोखंडासारखा. मामांच्या मनात आलं, म्हणजे लोक म्हणतात ते खरंच. ह्यात माणूस गार पडतो.

त्यांनी उजवा गाल घेतला. दादा बोलेनात. एवढा बोलका माणूस, एक चेष्टा नाही, एक टोमणा नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले,

"बाळ कसं आहे?"

"बरं आहे."

"कोणावर गेलंय?"

"एवढ्यात काय कळतं, दादा."

"मला बघायचंय."

"हे सगळं निवळलं की पहिलं तुम्हालाच दाखवतो."

"कधी निवळणार?"

मामांनी वस्तरा पाण्यात बुडवून झटकला.

कानाखाली पातं जरासं लागलं. मामांच्या हातून असं होत नसे. चटकन बोट दाबलं. रक्त थांबवायला.

रक्त नव्हतं.

बोट चष्म्याजवळ आणून पाहिलं. नुसता फेस.

उजवा गाल झाला. मामांनी सवयीने हातआरसा घेतला, दादांच्या तोंडासमोर धरला. "कानाजवळचा कल्ला बघा, बरोबर आलाय का?"

दादांनी तोंड पुढे केलं. आरशाला नाक टेकेल इतकं. म्हणाले, "बरोबर आहे."

मामा आरशाकडे बघत होते. स्वतःचा चष्मा धुकटून पांढरा... आणि आरसा स्वच्छ. त्याच्यावर बोलला माणूस. काच लख्ख होती. एक ठिपका वाफ नाही.

खिशातला फोन वाजला.

मामांनी तो कानाला कसा लावला, त्यांनाच आठवत नाही. दादांचा पुतण्या होता. दुसऱ्या गावी राहायचा. रडत नव्हता, पण रडून झालं होतं.

"मामा, झोपला नव्हता ना? काका गेले हो."

"...कोण?"

"काका. उद्या नेणार होते, पण संध्याकाळीच जास्त झालं म्हणून नेलं. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात... पुढचं सगळं दवाखान्यातलेच करणार आहेत. आम्हाला बघायलाही नाही मिळायचं. तुम्हाला रात्री दाढीला बोलावलंय, असं मला म्हणाले होते. म्हणून फोन केला. तिकडे जाऊ नका. खोली अजून धुतलेली नाही."

मामा खुर्चीकडे बघत होते.

खुर्ची खिडकीकडे बघत होती.

"मामा? ऐकताय ना? तुम्ही घरीच आहात ना?"

खोलीत आवाज नाही. वाटीतलं पाणी... निवलेलं. वस्तरा हातात. उघडाच.

मग खुर्चीतून, हळूच,

"दुसरा गाल राहिला."

मामा पळाले.

जिना कसा उतरले, पायांना ठाऊक. मागे काही वाजलं नाही. पावलं नाहीत, हाक नाही. ते आणखी वाईट. वाटी, आरसा, ब्रश, सगळं वर राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक अर्ध्यावर सुटलं.

पण एवढ्यातही माणूस बेत विसरला नाही, हे बघा. पाय घराकडे ओढत होते. अशा वेळी माणसाला घरचंच दार हवं असतं. चौकात थांबले क्षणभर. डावा हात अंगापासून लांब धरलेला... उघडा हात. मग उजवीकडे वळले. दुकानाकडे. शटर आतून ओढलं. पाणी कढवलं, अंगावर ओतलं. डावा हात साबणाने, मग फिनेलने, मग पुन्हा साबणाने. कातडी सोलवटली तरी घासत राहिले. कपडे, वस्तरा, सगळं उकळलं. खुर्चीत बसले. समोर लांब आरसा. त्याच्यावर चादर टाकली.

जीव थाऱ्यावर नव्हता, तरी एका गोष्टीचं समाधान होतं. जे काही होतं ते त्या खोलीत राहिलं. नाहीतर फार तर माझ्याबरोबर इथे आलं. घरी नाही गेलं.

उजाडल्यावर मामींना फोन केला. "बाळ?"

"झोपलंय. रात्रभर रडलं नाही एकदाही. सून म्हणते, हात-पाय जरा गार लागतायत, दुपटं घातलंय आणखी एक. तुम्हाला काय झालं? आवाज का असा?"

"काही नाही," मामा म्हणाले. "डॉक्टरांना बोलाव. आत्ताच बोलाव."

तेवढ्यात शटरवर टकटक झाली. मामांनी मास्क चढवला, शटर गुडघ्याएवढं वर केलं आणि वाकून पाहिलं. शिवणवाल्या ताई. मामींनी दिलेला चहाचा थर्मास त्यांनी पायरीवर ठेवला, शेजारी एक पिशवी ठेवली आणि चार पावलं मागे सरकून उभ्या राहिल्या.

"चहा घ्या. आणि पिशवीत तुमचा ब्रश आहे. तुमच्या घराच्या उंबऱ्यावर पडला होता."

मामांनी पिशवी उघडली. मुठीला तांब्याची तार. केस ओले. फेस अजून वाळला नव्हता.

"कोणी... कोणी ठेवला?"

"तुमचंच गिऱ्हाईक की हो," ताई म्हणाल्या. "रात्री आले होते. तोंडाला मास्क नाही, काही नाही, अंधारात नीट ओळखूही येईनात. एका गालावर साबण तसाच. मला रागच आला. मी वरून म्हटलं, आजोबा, मामा दुकानात आहेत, आणि त्या घरात तान्हं बाळ आहे, तोंड झाका. तर वर बघून हसले. म्हणाले, बाळाला बघतो नि जातो. मी मान खाली घालून एक टीप मारली, पुन्हा बघते तर दाराशी कोणी नाही. म्हटलं, गेले असतील. पण मामा, मी उजाडेपर्यंत खिडकीशीच होते. गल्लीतून बाहेर काही कोणी गेलं नाही."